साठ शब्दांचा फलक

ओटावाच्या कॅनेडियन वॉर म्युझियममध्ये रणगाडे आहेत, तोफा आहेत, हिटलरची मोटारसुद्धा आहे. पण भांडण कॅनडाच्या सिनेटपर्यंत गेलं ते साठ-सत्तर शब्दांच्या एका फलकावरून. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बफेकीत ६ लाख जर्मन मेले, ५० लाखांवर बेघर झाले, तरी जर्मनीचं युद्धउत्पादन शेवटच्या टप्प्यापर्यंत फारसं घटलं नाही, असा त्याचा आशय. बॉम्बर कमांडमधून, म्हणजे ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बफेकी दलातून, लढलेले म्हातारे वैमानिक खवळले. खवळणारच, त्या दलातले सुमारे १० हजार कॅनेडियन कामी आले होते. मजकूर चार इतिहासकारांना दाखवला, तर दोघे बाजूनं, दोघे विरुद्ध! अखेर २००७ मध्ये फलक बदलला. नवा मजकूर जवळजवळ तिप्पट.

राग आकड्यांपेक्षा सुरावर होता, आणि सूर बिघडतो तो जागेच्या टंचाईमुळे. पुस्तकात 'हा अंदाज वादग्रस्त आहे' म्हणून तळटीप टाकता येते. भिंतीवर तळटीप नसते. वाचणारा उभा असतो, मागून माणसं येत असतात, सोबतची पोरं हात ओढत असतात. साठ-सत्तर शब्दांपुढे नजर ठरत नाही. त्यात इथे इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर बरोबरीनं लावावा लागतो. फ्रेंच बहुधा जास्त जागा खातं, म्हणून कात्री इंग्रजीवर चालते. आणि कात्री पहिली कुठे लागते? 'पण', 'तरीही', 'काहींच्या मते' यांवर. इतिहासकाराचा सगळा प्रामाणिकपणा नेमका त्याच शब्दांत असतो.

म्हणून संग्रहालयाच्या प्रमुखाच्या खुर्चीवर प्राध्यापक बसवणं वाटतं तितकं सरळ नाही. यॉर्क विद्यापीठातले जॅक ग्रॅनॅटस्टीन १९९८ ते २००० या संग्रहालयाचे प्रमुख होते. ते मिलिटरी कॉलेजात शिकलेले, लष्करात नोकरी केलेले, तेव्हा निव्वळ पुस्तकी नव्हेत. तरी वाट्याला काय आलं? जुन्या अभिलेखागाराची अपुरी इमारत, अवजड गाड्या ट्रामच्या जुन्या शेडमध्ये, आणि सरकारकडे नव्या इमारतीसाठी तगादा. ती उघडली ८ मे २००५ ला, ते गेल्यावर पाच वर्षांनी.

मोटारीचंही तसंच. हिटलरचा सहकारी गोअरिंग याची म्हणून आलेली ती मर्सिडीज हिटलरची असल्याचं संग्रहालयाच्याच ग्रंथपालानं कागदपत्रांवरून शोधून काढलं. ग्रॅनॅटस्टीननी ती विकायचा विचार बोलून दाखवला आणि गहजब झाला. मोटार तिथेच आहे. तसंही वस्तू विकणं म्हणजे भंगारवाला बोलावणं नव्हे: मालकीचे कागद, देणगीदाराच्या अटी, ती वस्तू संग्रहाच्या उद्देशात बसते का, मग मंडळाची मंजुरी, आणि आलेला पैसा संग्रहावरच खर्च करायचा हा दंडक.

आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात असली भांडणं होत नाहीत. फलकावर भर वजन, तोफ, इंजिन यांवर, आणि त्यावर कोण वाद घालणार? ओटावातले लोक याला भाबडेपणा म्हणतील. म्हणोत. नगरचं हे लष्कराच्या प्रशिक्षण केंद्राचं संग्रहालय आहे, त्याचं काम निराळं. तरी १९६५ च्या युद्धातल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यासमोर उभं राहिलं की फलक लिहायला हात शिवशिवतात. पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईतली पाणी सोडलेली शेतं, त्यात रुतलेले पॅटन, उभा ऊस, जीपवरची तोफ, अब्दुल हमीद. लिहायला बसलं तर शेतांवरच पंचवीस शब्द जातात.