दोष हार्ड डिस्कचा नव्हताच

बाबांचा २००९चा कोअर टू ड्युओ डेस्कटॉप अजून चालतो, त्यामुळे नवा घेण्याचा विषयच निघत नाही. त्यावरच्या विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२०लाच संपला होता. म्हटलं, लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची हलकी, एक्सएफसीई नावाच्या साध्या डेस्कटॉपवाली आवृत्ती टाकू. रॅम ४ जीबी, मिंटला किमान २ लागते. बाबांच्या फायली आधी बाहेर काढल्या आणि बसलो. तासाभराचं काम!

तीन रात्री गेल्या.

फायली कॉपी होताना इन्स्टॉलर मध्येच थांबायचा: 'इनपुट/आउटपुट एरर'. खाली सल्ला, सीडी, ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क खराब असू शकते. मी तो मुकाट्याने मानला. पेन ड्राइव्ह बदलला, मागचा यूएसबी पोर्ट वापरून पाहिला, डिस्कची साटा केबलही बदलली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो स्मार्ट रिपोर्ट काढला तर एकही खराब सेक्टर नाही. गाडी कधी ३० टक्क्यांवर अडायची, कधी ७०वर. डिस्कवर एखादी जागा खराब असती तर ती अशी फिरली नसती, पण हे तेव्हा सुचेल तर ना!

तिसऱ्या रात्री मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची मूळ) फाईल त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवली आणि पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लाइव्ह सेशनमधून तिचा एसएचए२५६, म्हणजे फाईल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा, काढला. मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळला नाही. पुन्हा काढला, आकडा तिसराच. लॅपटॉपवर तीच फाईल दर वेळी बरोबर. फाईल तीच, उत्तर मात्र बदलतंय, म्हणजे वाचलेलं जिथे ठेवलं जातंय तिथेच घोळ. रॅम!

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ लावला. पाच मिनिटांत स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळी. कॅबिनेट उघडलं, २ जीबीच्या दोन स्टिक काढल्या, सोनेरी टोकं खोडरबरने घासली आणि एकेक लावून तपासली. पहिली रात्रभर चालून स्वच्छ. दुसरी कुठल्याही स्लॉटमध्ये घाला, लाल.

चांगल्या स्टिकवर मिंट पहिल्या झटक्यात बसलं. ब्राउझरचे चार टॅब उघडले की धाप लागते, पण बाबा एकच उघडतात.

कॅबिनेट उघडंच होतं, तर मदरबोर्डवरचा बटणाएवढा सीआर२०३२ सेलही बदलला. तो संपल्यामुळे मशीन दर वेळी 'प्रेस एफ१' म्हणून थांबायचं आणि बाबा कित्येक वर्षं निमूट एफ१ दाबत होते. "ते तसंच सुरू होतं ना?"

खराब स्टिक फेकायला निघालो, तर बाबांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. "असू दे, कधी लागली तर."