शिधापत्रिकेवरचे 'आबा' आणि माझी नडगी

केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॉलीचे चाक रावेरजवळ माझ्या पायावरून गेले, तेव्हा घोट्याच्या चार बोटे वर नडगीचे हाड मोडले आणि त्यावरची कातडी सोलून निघाली. जळगावात त्याच रात्री जखम धुऊन बाहेरून सळ्या बसवल्या गेल्या. प्लास्टिक सर्जनांनी सांगितले की, हाडावरचे आवरणही गेलेले असल्यामुळे मांडीची पातळ कातडी तेथे धरणार नाही. जखम गुडघ्याजवळ असती, तर पोटरीचा स्नायू वळवून ती झाकता आली असती. घोट्यापर्यंत मात्र तो पोचत नाही. म्हणून पोटरीच्या मागची कातडी रक्तवाहिन्यांच्या देठासह उलटी फिरवून खाली आणायची, म्हणजे फ्लॅप करायचा, असे ठरले.

पुढचे अकरा दिवस या शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या मंजुरीसाठी सरकारी योजनेच्या खिडकीवर गेले. आधारवर वडिलांचे पूर्ण नाव आणि शिधापत्रिकेवर नुसते 'आबा', कारण कधीकाळी अर्ज भरणाऱ्याने गावात सगळे जसे म्हणतात तसेच लिहून टाकले होते. धाकटा भाऊ दोन्ही कागद घेऊन गेला की, "भाऊ, सिस्टिम घेत नाही," एवढेच उत्तर मिळे. मग तालुक्याला जाऊन दाखला आणला, तर जखमेच्या फोटोत रुग्णाचा चेहरा दिसत नाही, अशी हरकत निघाली. घोट्याची जखम आणि चेहरा एका चौकटीत कसे आणायचे, हे मी आवाज चढवून विचारले, त्याचा काहीही उपयोग झाला नाही. तोवर उघडे हाड सुकत चालले होते आणि जखम दोनदा पुन्हा साफ करावी लागली. अखेर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीचे प्रतिज्ञापत्र चालले. ते पहिल्याच दिवशी करून ठेवावे, आणि अपघाताच्या पोलीस नोंदीची प्रतही सोबत ठेवावी.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. नंतर देठावर भार पडू नये म्हणून पोटरीखाली उशी घेता येत नाही. सळ्यांनाच आधार देऊन पाय उंच ठेवला होता. फ्लॅप जांभळा पडला तर रक्त परतत नाही आणि पांढरा पडला तर पोचत नाही, हे भावाला शिकवले होते. रात्री तोच टॉर्च घेऊन पाहत असे. तंबाखू मात्र आधीच सोडायला हवी होती, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात. मांडीची कातडी पोटरीवरच्या रिकाम्या जागेवर लावली, आणि खरे दुखणे त्या मांडीचेच होते.

पावलाची बाहेरची कड आता बधिर आहे आणि मळ्यात गमबूट चढत नाही. शिधापत्रिकेच्या दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. तिच्यावर वडील अजून आबाच आहेत.