शून्याचं तिकीट

कानडीत फुकटला 'उचित' म्हणतात. मराठीत उचित म्हणजे योग्य, साजेसं. बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला दोन्ही भाषा कानावरून जातात, त्यामुळे 'महिळेयरिगे उचित प्रयाण' ही पाटी वाचताना दोन्ही अर्थ एकदमच लागतात. बायकांचा प्रवास फुकट, आणि बायकांचा प्रवास योग्य. पहिला अर्थ कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ ला लागू केला. दुसरा अजून काही सासवांना पटायचा आहे, विशेषतः सून महिन्यात तिसऱ्यांदा माहेरी निघाली की.

योजनेचं नाव शक्ती. कर्नाटकच्या चारही परिवहन महामंडळांच्या साध्या, शहरी आणि वेगदूत गाड्यांत राज्यातल्या रहिवासी महिलांना आणि तृतीयपंथीयांना भाडं नाही. राजहंस, ऐरावत, स्लीपर अशा आरामगाड्यांत चालत नाही. आपल्याकडची गाडी हुबळीला मुख्यालय असलेल्या वायव्य महामंडळाची. इतकं सगळ्यांना पाठ आहे. गंमत पुढे आहे, ती त्या चिटोऱ्यात.

फुकट आहे म्हटल्यावर तिकीट कशाला, असं वाटतं. पण ह्या गाडीत सगळ्यात जपून काढायचं तिकीट असेल तर ते शून्याचंच. कारण पैसे बाई देत नसली तरी कुणीतरी देतंच. बाई जितकं अंतर गेली तितक्याचा हिशेब होतो आणि ती रक्कम सरकारने महामंडळाला द्यायची असते. त्या मागणीचा पुरावा म्हणजे हीच तिकिटं. म्हणून कंडक्टर मशीनवर चढायचा टप्पा, उतरायचा टप्पा आणि प्रवाशाचा प्रकार निवडतो, आणि दर बाईमागे वेगळं तिकीट निघतं. किणयेला उतरणाऱ्या बाईने 'असू दे की, पुढच्या जांबोटीचं फाडा' म्हटलं तर तिचं काही जात नाही, पण मधल्या अंतराचे पैसे सरकारला न झालेल्या प्रवासाचे लागतात. उलट, किणयेचं तिकीट घेऊन गप्पांच्या नादात जांबोटीपर्यंत बसून राहिलं तर तेही चूकच. तिथून पुढचं दुसरं शून्य मागून घ्यायचं. चेकिंगवाले चढले तर 'आम्ही फुकटच्याच' हे उत्तर पुरत नाही. ते डोकी मोजतात आणि मशीनमधल्या आकड्याशी ताडून बघतात. शून्य असलं तरी ते मोजलं जातं.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात, बर्फावर घसरायला लोक जातात त्या व्हेल, ब्रेकनरिज अशा गावांतही बस फुकट असते. तिथला फुकटपणा मात्र वेगळ्या जातीचा. बाई-पुरुष, रहिवासी-पाहुणा, कुणालाच काही विचारत नाहीत. कार्ड नाही, मशीन नाही, तिकीट नाही. दार उघडलं की चढायचं. ब्रेकनरिज ज्या समिट परगण्यात आहे, तिथे हा खर्च विक्रीकरातून निघतो, म्हणजे पाहुणा हॉटेलात जेवला की बसचे पैसे आपोआप भरतो. हॉटेलांत राबणारी माणसं भाडं परवडत नाही म्हणून लांब राहतात, त्यांनाही तीच बस. तिथे वाचतो तो मुख्यतः वेळ. आपल्याकडे साधा हिशेब करून बघा. एका थांब्यावर पन्नास बायका चढल्या आणि दर तिकिटामागे दहाच सेकंद धरले, तरी आठ मिनिटं गेली. एरवी चालत्या गाडीत उरकतं, पण गर्दीच्या दिवशी कंडक्टर पुढचा टप्पा यायच्या आत गाडी बाजूला घ्यायला लावतो, तिकिटं पुरी करतो आणि मगच घंटी देतो. ड्रायव्हर तोवर तंबाखू मळून घेतो. फुकट गाडी उशिरा का पोचते, ह्याची बरीचशी उकल ह्या आठ मिनिटांत आहे.

आता कार्ड. कर्नाटकातला पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं, आणि बहुतेकींकडे आधार असतं. घोळ असा की आधारावर पत्ता मागच्या बाजूला असतो, आणि घाईत झेरॉक्स काढली जाते ती पुढच्या बाजूची. फोटो आपलाच, नाव आपलंच, पण कंडक्टरला ह्यातलं काहीच नको असतं, त्याला हवा असतो जिल्हा. मोबाइलवर डिजिलॉकरमधलं दाखवणार असाल तर ते गाव सोडायच्या आधी उघडून ठेवावं. जांबोटीच्या पुढे रान दाट होतं आणि रेंज विरळ. मग चक्र फिरत राहतं, बाई मोबाइल खिडकीबाहेर धरते आणि मागून आवाज येतो, 'आधारच घेऊन यायचं की गे!'

पत्त्याचा खरा पेच लग्नात आहे. सीमाभागात सोयरिकी हद्द बघून होत नाहीत. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली लेक कर्नाटकातल्या बेळगाव तालुक्यात येते, खानापूरची गडहिंग्लजला जाते. इकडे आलेल्या सुनेने आधारावरचा पत्ता बदलला नाही, तर रोज पूर्ण भाडं भरत तिला शेजारणीच्या शून्याकडे बघावं लागतं. आणि तिकडे गेलेल्या लेकीने पत्ता बदलला, की जन्म ज्या गावात गेला तिथल्याच गाडीत ती पाहुणी ठरते. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. तिथे पत्ता विचारत नाहीत, पण सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटी पूर्ण फुकट, तीही हद्दीपुरतीच.

म्हणजे आषाढात बेळगावच्या बायका आंबोलीचे धबधबे बघायला निघाल्या, तर वेंगुर्ला रस्त्यावर त्यांच्या तिकिटाचे तुकडे पडतात. एसटीत बसल्या तर हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत पूर्ण भाडं, पुढे अर्धं. शून्य आंतरराज्य गाडीत चालत नाही, ते लोकल गाडीतच, आणि तेही फार तर तुरमुरी, बाचीपर्यंत. काटकसरी डोकं लगेच सांगतं, बाचीपर्यंत लोकलने जायचं आणि पुढे शिनोळीला एसटी पकडायची. हिशेब बरोबर आहे. फक्त आषाढातला तिरपा पाऊस, न थांबता गेलेली भरलेली एसटी आणि वाट बघताना घेतलेला चहा-भजी त्यात धरलेली नसतात.

तीच गोष्ट चोर्ला घाटाच्या रस्त्यावर. पिरनवाडीला फाटा फुटला की किणये, जांबोटी, कणकुंबी. मलप्रभा उगम पावते ते हेच कणकुंबी. गोव्याला जाणाऱ्या गाड्या ह्याच रस्त्याने धावतात, पण पणजीची पाटी असली तर शून्य चालत नाही, कणकुंबीला उतरायचं असलं तरी. पाटी बहुतेक कानडीत. जिला कानडी वाचता येत नाही ती चढण्याआधी कंडक्टरला विचारते, आणि विचारावंच. एकदा घाटाच्या दिशेने गाडी लागली की वाद घालायला वेळ भरपूर आणि उतरायला थांबे कमी.

आणखी एक, सामान. बेळगावच्या पश्चिमेकडची गावं रताळ्यांची. उन्हाळ्यात जंगलपट्ट्यातून काजू, करवंदं, फणस निघतात. बाईला भाडं नाही, पण ठरलेल्या वजनावरच्या ओझ्याला आहे. माणूस फुकट, पोतं विकत. बाजाराला निघालेली बाई त्यामुळे एक पोतं न बांधता दोन पिशव्या करते, आणि दुसरी पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवून 'तुझीच म्हणून सांग' म्हणते. शेजारीण सांगते. कंडक्टरही त्याच भागातला, त्याला सगळं कळतं. त्याने लगेज फाडावं की नाही हे गर्दीवर, उशिरावर आणि काही अंशी फणसाच्या वासावर ठरतं.

घरचा पुरुष मात्र ह्या गाडीत एकाकी पडला आहे. कुटुंब सौंदत्तीला यल्लम्माला निघालं की तिकिटं अशी: नवऱ्याचं पूर्ण, बायकोचं शून्य, आठ वर्षांच्या मुलाचं अर्धं, त्याच वयाच्या चुलत बहिणीचं शून्य, कडेवरचं पोर तसंही फुकटच. ५ जानेवारी २०२५ पासून भाडी पंधरा टक्क्यांनी वाढली, ती जाणवली फक्त त्यालाच. शून्याला पंधरा टक्के लावले तरी शून्यच. निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव ठेवायच्या, असं योजनेच्या आदेशातच आहे. पण खिडकीतून टाकलेल्या रुमालावर बाई-पुरुष लिहिलेलं नसतं, आणि जत्रेच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आदेश वाचून दाखवायची हिंमत कुठल्या कंडक्टरमध्ये आहे?

गाडी जिथे जातच नाही तिथे ह्या शून्याचा काही उपयोग नाही, हेही खरंच. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा अशा गावांना बारमाही रस्ता नाही. पावसाळ्यात नाले भरले की थांब्यापर्यंतची वाट पायीच, आणि कधी तीही बंद.

तिकिटाचा कागद तापून उमटणाऱ्या छपाईचा असतो, शाईचा नव्हे. घामट मुठीत धरला किंवा ओल्या छत्रीशी गुंडाळला तर अक्षरं पुसट होतात, आणि बटव्यात गरम भाकरीच्या शेजारी ठेवला तर कागदच काळवंडतो. उतरेपर्यंत घडी न घालता कोरडा ठेवावा. घरी नेऊन जमवण्यात अर्थ नाही, महिन्याभरात तो कोरा व्हायला लागतो.

ज्या गावात वस्तीची गाडी असते तिथे पहाटे अंधारातच इंजिन धडधडतं. ड्रायव्हर काच पुसतो, कंडक्टर मशीन चालू करतो, रोल भरलाय का बघतो. पहिल्या चढतात त्या उद्यमबागेच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या. डबा, छत्री, स्वेटर. कुठल्याही दुकानदाराला सकाळची भवानी रोख लागते. इथे मशीन कुरकुरतं आणि दिवसाची भवानी निघते ती शून्याची. कंडक्टर तिकीट फाडून देतो आणि सवयीने म्हणतो, 'पुढं सरका, मुंदे होगी.'