उशा किती लागतात?

हार्ट फेल्युअरच्या माणसाला थंडीत रात्रीच एकदम दम का लागतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बेळगावात कॅज्युअल्टीत रात्रपाळी करताना दर थंडीत घरच्या माणसांकडून हाच प्रश्न ऐकते: "सिस्टर, रात्री भाकरी खाऊन बरे झोपले होते की हो. मग पहाटे तीनला एकदम असं कसं झालं?"

एकदम झालेलं नसतंच. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते थकलेलं असतं, रक्त पुरतं पुढे ढकलू शकत नाही, आणि अंगात पाणी साठत जातं. दिवसभर हे पाणी पायांत असतं, म्हणून संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. माणूस आडवा झाला की तेच पाणी हळूहळू रक्तात परततं, छातीकडे येतं. थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही आणि फुप्फुसात पाणी उतरतं. म्हणून झोप लागल्यावर दोनेक तासांनी माणूस दचकून उठतो, खिडकी उघडायला धावतो. त्यात पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत रक्तदाब वाढवायला लागतं.

मग थंडीतच जास्त का? गारठ्यानं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो. घाम जात नाही. सर्दी-खोकला छातीत उतरतो. ऑस्ट्रेलियात असे रुग्ण जुलैच्या सुमारास वाढतात, कारण तिथली थंडी तेव्हा असते.

आपल्याकडे याला यात्राही जोडली जाते, हे मला मनापासून बोलायचं आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीला निघालेल्या बायका अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळी मुद्दाम घरी ठेवतात. वाटेवर उतरायचं कुठं, बसायचं कुठं? दोन दिवस गोळी नाही, वर डोंगर, लोणचं आणि खारवलेली मिरची. परतल्यावर तिसऱ्या रात्री त्या आमच्याकडे येतात. त्यांना दोष देऊ नये. गोळी बंद करण्याऐवजी प्रवासाच्या दिवशी वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना आधी विचारावं, एवढं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट शब्दाची. मराठीत 'दम लागतो', कन्नडात 'दम्मु'. ऐकणारा दमा समजतो, पंप देतो, आणि चार दिवस जातात.

म्हणून मी उलट विचारते, "झोपताना उशा किती घेत होते?" सुनेला बहुतेक ठाऊक असतं. "आधी एक. दिवाळीनंतर दोन. परवा तर खुर्चीतच रात्र काढली, सिस्टर." आडवं होऊन दम लागतो म्हणून उशा वाढत जातात; तीन आठवड्यांची हकिकत त्या उशांत असते. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा. तीन दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, रात्र होऊ देऊ नका.

आणि रात्र झालीच, तर आडवं निजवू नका. पाय खाली सोडून बसवा, पाणी पाजू नका, 108 ला फोन लावा. त्यांच्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या, रिकामी पाकिटंसुद्धा.