वस्तीवर घरगुती मीटर घेताना आलेला माझा अनुभव

गेल्या वर्षी शेतात वस्तीवर घर बांधलं आणि मीटरसाठी ऑनलाइन अर्ज केला, सातबारा, आधार, घरातल्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट सगळं जोडलं होतं. सर्व्हेला वीज कंपनीचे साहेब आले, म्हणाले घर पोलपासून लांब पडतंय, तीन पोल लागतील, पोल शिल्लक नाहीत, घाई असेल तर स्वतःच्या खर्चाने टाका नाहीतर शेजारच्या मोटारीवरून वायर ओढा. आता शेतीच्या कनेक्शनवर घर चालवायचं म्हणजे चोरीच की, आणि बांधावरून वायर, घरात लहान पोरं, मी सरळ नाही म्हटलं.

मग चार महिने नुसत्या चकरा. उत्तर एकच, पोल आले की बघू.

शेवटी वकिली शिकणाऱ्या भाचीने सांगितलं, मामा, वीज कायदा 2003 चं कलम 43 वाचा. त्यात स्पष्ट आहे की मागेल त्याला अर्ज पूर्ण झाल्यापासून एक महिन्यात वीज द्यायची, आणि लाईन वाढवावी लागत असेल तर ती वाढवून झाल्याबरोबर किंवा वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत द्यायची, उशीर केला तर दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे पोल लागतात म्हणून मुदत वाढते, पण नाही म्हणता येत नाही! 2024 पासून तर खेड्यात 15 दिवसांची मुदत आहे, अर्थात लाईन आधीच असेल तिथे.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अर्ज पूर्ण म्हणजे पैसे भरल्याच्या पावतीसकट पूर्ण. आमचं कोटेशनच, म्हणजे किती पैसे भरायचे तो कंपनीचा कागद, काढलं नव्हतं, म्हणजे मुदत सुरूच झाली नव्हती, ते चार महिने कशातच धरले जात नव्हते. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

मग लेखी पत्र दिलं, कलम 43 टाकून, कोटेशन द्या आणि देत नसाल तर कारण लेखी द्या, आणि आवक नंबर, शिक्क्यासह पोच घेतली. बारा दिवसांत कोटेशन आलं, त्याच दिवशी भरलं. तरी दोन महिने हालचाल नाही म्हणून ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार केली, सोबत पावती आणि पोच जोडली, आणि सुनावणीच्या आदल्या आठवड्यात पोल उभे राहिले, तीन दिवसांनी मीटर बसला.

त्याच लाईनलगतच्या दोन घरांचे अर्ज परवा मीच भरून दिले, कोटेशन निघालं की त्याच दिवशी भरा म्हणून सांगितलंय.