युएंडुमू: तनामी रस्त्यावरच्या वॉर्लपिरी गावातील चार दिवस

माझी मामेबहीण मध्य ऑस्ट्रेलियातील वाळवंटी गावांत परिचारिका म्हणून काम करते. यंदा तिची नेमणूक युएंडुमू येथे होती, म्हणून जुलै महिन्यात मी व माझे पती ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जला आणि तेथून मोटारीने तिच्याकडे जाऊन चार दिवस राहिलो. वॉर्लपिरी या आदिवासी लोकांचे हे सातशे-आठशे वस्तीचे गाव ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २९० किलोमीटरवर आहे. शहरातून उत्तरेकडे वीसेक किलोमीटर गेल्यावर स्टुअर्ट महामार्ग सोडून डावीकडे तनामी रस्ता धरायचा. मधला एकच मुक्काम म्हणजे टिलमाउथ वेल, तेथे इंधन व खाणे मिळते.

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगते. डांबर जेथे संपते तेथून लाल माती, पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत पृष्ठभाग आणि खाणीकडे जाणारे लांबलचक ट्रक सुरू होतात. ट्रक समोरून आला की बाजूला थांबून धूळ खाली बसू द्यावी. भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर नेण्यास विम्याची परवानगी आहे का, हे आधी विचारावे. शहर सोडल्यावर लवकरच मोबाइल बंद पडतो, त्यामुळे माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी आणि एक जादा चाक बरोबर ठेवावे, आणि गाडी बिघडल्यास ती सोडून पायी निघू नये. मे ते सप्टेंबर हाच काळ योग्य आहे. आम्ही गेलो तेव्हा दुपारी ऊन कोवळे होते, पण पहाटे गाडीच्या काचेवर दव गोठलेले असे.

तनामी रस्त्यावरून जाण्यास परवाना लागत नाही. आजूबाजूची बरीचशी जमीन मात्र १९७६ च्या कायद्यान्वये आदिवासींच्या मालकीची आहे, तेव्हा रस्ता सोडून कोठेही जायचे असल्यास सेंट्रल लँड कौन्सिलकडे आधी विचारणा करावी. दारू गावात नेणे हा गुन्हा आहे. गाडीत चुकून राहिलेली बाटलीसुद्धा चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी डिकी तपासावी.

सरकारने १९४६ मध्ये शिधावाटप व देखरेखीसाठी वसवलेल्या या गावाला त्याआधीचीही एक आठवण आहे. १९२८ मध्ये कॉनिस्टन परिसरात पोलिसांच्या तुकडीने वॉर्लपिरी व शेजारच्या जमातींतील माणसे ठार मारली. सरकारी चौकशीने ३१ मृत्यू मान्य केले, वॉर्लपिरी लोक शंभराहून अधिक सांगतात. येथील वृद्धांच्या दृष्टीने ही आजी-आजोबांच्या वेळची गोष्ट आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये याच गावात १९ वर्षांचा एक तरुण पोलिसाच्या गोळीने दगावला. दवाखान्याचे कर्मचारी सुरक्षेच्या कारणाने त्याच दिवशी गाव सोडून गेले होते, त्यामुळे त्या रात्री गावात वैद्यकीय मदत नव्हती. पाहुण्याने हा विषय स्वतःहून काढू नये. मृत व्यक्तीचे नाव उच्चारणे येथे निषिद्ध आहे, आणि तेच नाव असलेल्या जिवंत माणसालाही काही काळ ‘कुमुन्जायी’ असे म्हणतात.

मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते डायलिसिस केंद्राविषयी. मूत्रपिंडाचा आजार वाळवंटातील आदिवासींमध्ये फार आहे, आणि मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून तीनदा चार-पाच तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. यंत्रे फक्त ॲलिस स्प्रिंग्जला होती तोवर याचा अर्थ घर, नातवंडे आणि आपली भूमी सोडून शहरात परक्यासारखे राहणे व तेथेच मरणे असा होता. सरकारने गावात यंत्र आणणे शक्य नाही असे सांगितले, तेव्हा पश्चिमेकडील किंटोर व किविरकुरा येथील पिंटुपी जमातीच्या चित्रकारांनी एकत्र बसून मोठी चित्रे रंगवली. २००० साली सिडनीच्या कलासंग्रहालयात त्या चित्रांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. २००४ मध्ये किंटोरला पहिले यंत्र सुरू झाले. या पैशातून उभी राहिलेली संस्था आज पर्पल हाऊस म्हणून ओळखली जाते. युएंडुमूच्या केंद्रासाठी वॉर्लपिरी लोकांनी सोन्याच्या खाणीच्या स्वामित्वधनातून पैसा दिला, जो त्यांना घरोघर वाटून घेता आला असता. मी आत गेले नाही, कारण उपचार घेणारी माणसे ही पाहण्याची वस्तू नव्हे. संध्याकाळी एक वृद्धा उपचार संपवून बाहेर आली आणि शेकोटीपाशी आपल्या नातवंडांत जाऊन बसली, एवढे मी पाहिले. ज्यांना मदत करावीशी वाटेल त्यांनी पर्पल हाऊसने तयार केलेले रानवनस्पतींचे मलम विकत घ्यावे.

पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाची कथाही अशीच आहे. १९९४ मध्ये येथील वडीलधाऱ्यांनी व्यसनी मुलांना सुमारे १६० किलोमीटर दूर माउंट थिओ येथे आपल्या देखरेखीखाली नेऊन ठेवण्यास सुरुवात केली, आणि काही वर्षांत गावातून हे व्यसन जवळजवळ नाहीसे झाले. पुढे हुंगून नशा न चढणारे पेट्रोलही आले. पंपावर तेच मिळते आणि साध्या गाडीला ते चालते, त्यामुळे शंका बाळगू नये.

किराणा दुकानात तांदूळ, पीठ, डबाबंद कडधान्ये आणि फ्रीजमधल्या भाज्या मिळाल्या, परंतु सारे ट्रकने येत असल्याने शहरापेक्षा बरेच महाग. शाकाहारी मंडळींनी डाळी व मसाले बरोबर न्यावेत. पर्यटकांसाठी चालवलेले हॉटेल आम्हाला दिसले नाही. ओळख नसल्यास टिलमाउथ वेल येथे मुक्काम करून दिवसभरासाठी यावे. निघण्याच्या दिवशी सकाळी मात्र फोन अवश्य करावा, कारण गावात कोणी गेले असल्यास शोकविधी सुरू होतात आणि दुकानापासून कलाकेंद्रापर्यंत सर्व काही बंद राहू शकते.

पाहुण्यांनी जावे असे मुख्य ठिकाण म्हणजे १९८५ पासून चालणारे वॉर्लुकुर्लंगु कलाकेंद्र. स्त्रिया जमिनीवर कापड पसरून ठिपके देत बसलेल्या असतात आणि भोवती कुत्री झोपलेली असतात. त्या कुत्र्यांची काळजीही हेच केंद्र घेते. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. चित्र घेताना कलाकाराचे नाव व कथा असलेले प्रमाणपत्र मागून घ्यावे.

तेथे एका आजींनी मला माझे ‘स्किन’ नाव विचारले. वॉर्लपिरी समाजात अशी पुरुषांची आठ व स्त्रियांची आठ नावे आहेत, पुरुषांची ‘ज’ने आणि स्त्रियांची ‘न’ने सुरू होणारी, आणि कोणाशी लग्न होऊ शकते, कोणापुढे बोलायचे नाही, हे त्यांवरून ठरते. गोत्राची आठवण होते, पण गोत्र बापाकडून मुलाकडे तसेच उतरते. येथे बाप जपलजारी असेल तर मुलगा जुंगारायी होतो, आणि नातू पुन्हा जपलजारी. मला असे नाव नव्हते, मी ‘कार्डिया’, म्हणजे बाहेरची. माझी बहीण मात्र इतके महिने राहिल्यामुळे नुंगारायी झाली आहे, हे कळताच आजींनी बोटांवर हिशेब केला आणि मामेबहीण म्हणून मला नपुरुर्ला ठरवून आपल्याशेजारी जागा करून दिली.