गुरुवारी लाईट गेली आणि आरएक्स 570 मेलं: रिकव्हरीचा लॉग

आधीच सांगून टाकतो, ग्राफिक्स कार्ड जिवंत आहे. ज्यांना फक्त शेवट पाहिजे होता ते इथूनच गेले तरी चालेल, पण ज्यांच्या टेबलावर आत्ता असंच मेलेलं कार्ड पडलंय त्यांनी वाचा, कारण माझे पाच दिवस ज्यात गेले ते नीट केलं तर एका संध्याकाळचं काम आहे.

गुरुवार

कार्ड आहे आरएक्स 570, 4 जीबी, सेकंडहँड, क्रिप्टो मायनिंगमधून (कार्डावर रात्रंदिवस हिशोब करून इथेरियमसारखी नाणी कमवायची) निवृत्त झालेलं. 4 जीबीवाली कार्डं इथेरियमला 2020 च्या शेवटीच निकामी झाली होती, डॅग फाइल, म्हणजे मायनिंगसाठी कार्डाच्या मेमरीत ठेवावा लागणारा डेटा, 4 जीबीच्या वर गेली ना, मग लोकांनी ती कार्डं इथेरियम क्लासिकवर वगैरे राबवली आणि सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंगच बंद पडल्यावर सगळा माल बाजारात आला. माझं त्यातलंच. धूळ सोडली तर ठणठणीत, पण आत मायनिंगचा बायॉस (कार्डाला सुरू करणारा, कार्डावरच्याच चिपमधला प्रोग्राम). म्हणजे काय, तर मेमरीचे टायमिंग स्ट्रॅप (कुठल्या स्पीडला मेमरीने किती थांबायचं याचे आकडे) बदललेले, 1500 मेगाहर्ट्झचे घट्ट टायमिंग उचलून वरच्या स्पीडला चिकटवलेले. हॅशरेट, म्हणजे मायनिंगचा वेग, वाढतो त्याने, गेममध्ये मात्र पाचव्या मिनिटाला रंगीत ठिपके. शिवाय बदललेला बायॉस विंडोजचा ड्रायव्हर सरळ घेत नाही, कोड 43 ची एरर देतो, दर अपडेटला पॅच मारत बसा.

तर म्हटलं स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ बायॉस टाकू. नेटवरून त्याच मॉडेलचा रॉम, म्हणजे बायॉसची फाइल, उतरवला, एएमडीव्हीबीफ्लॅश (ती फाइल चिपवर लिहिणारं, म्हणजे फ्लॅश करणारं सॉफ्टवेअर) उघडलं, बॅकअप घ्यायचा का असं मनात आलंही होतं, पण मीच म्हटलं मायनिंगवाल्याचा कचरा कशाला जपून ठेवायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

एंटर मारला, टक्केवारी सरकायला लागली आणि लाईट गेली. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी दिवाळीपासून मेलेली. पुण्यात राहून गुरुवारी, म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जायच्या वारी, फ्लॅश करायला बसलो यावर कुणी काही बोलू नका, घरातल्या सगळ्यांचं बोलून झालंय.

लाईट आली तेव्हा स्क्रीन काळी, पंखे फुल स्पीड. नशीब माझा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय फाइव्ह आहे, ऑनबोर्ड ग्राफिक्सवाला, त्यामुळे केबल मदरबोर्डला लावून, सेटिंगमध्ये ऑनबोर्ड डिस्प्ले पहिला ठेवून मशीन चालू झालं. पण फ्लॅश करायचं सॉफ्टवेअर म्हणतं कार्डच नाही. काही कार्डांवर ड्युअल बायॉसचं बारकं स्विच असतं, वरच्या कडेला, ते असेल तर दुसऱ्या बाजूला सरकवून बूट करायचं, परत मूळ बाजूला आणायचं आणि फ्लॅश करायचं, विषय संपला. माझ्या कार्डावर स्विचची जागा आहे, सोल्डरचे ठिपके आहेत, स्विच नाही. कंपनीने दहा रुपये वाचवले.

शुक्रवार

चिमट्याचा उपाय. बऱ्याच जणांना माहीत असेल, बायॉसची चिप आठ पायांची असते, तिचा 1 नंबर आणि 8 नंबर पाय जोडून धरायचे आणि मशीन चालू करायचं. 1 नंबर म्हणजे चिप सिलेक्ट, तो खाली गेला की चिप बोलते. 8 नंबर म्हणजे सप्लाय, 3.3 व्होल्ट. दोन्ही जोडले की सिलेक्ट कायम वर राहतो, चिप गप्प बसते, कार्डाला बिघडलेला बायॉस वाचताच येत नाही आणि ते कोऱ्या डोक्याने तरी मशीनला दिसतं. बूट झालं की चिमटा काढायचा आणि फ्लॅश करायचं. सिद्धांत एकदम सुंदर.

प्रत्यक्षात काय, तर ताईचा भुवयांचा प्लकर, कॅबिनेटमध्ये उलटं लटकलेलं कार्ड, चिप बॅकप्लेटच्या कडेला अशा जागी की एक हात कॅबिनेटच्या पत्र्यातून वाकडा घालायचा आणि दुसऱ्या हाताने पॉवर बटण. पहिल्या दोन वेळा काहीच नाही. तिसऱ्यांदा प्लकर घसरला. 8 च्या तिरका समोरचा कोपरा 4 नंबरचा, म्हणजे ग्राउंड. सप्लाय आणि ग्राउंड जोडले गेले तर काय होतं हे सांगायला नको. प्लकर तिथे नाही लागला, पण माझे हात त्यानंतर जे थरथरायला लागले, मी कार्डच काढून ठेवलं. ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनी करा, बारीक वायर सोल्डर करून घेतली तर अजून चांगलं.

शनिवार

तपकीर गल्ली, पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. सीएच341ए प्रोग्रामर (चिप यूएसबीवरून वाचायचा-लिहायचा बारका बोर्ड) आणि सोबत चिपच्या पायांना धरणारी क्लिप, साडेतीनशेला. दुकानदार म्हणाला, "लॅपटॉपचा बायॉस का?" म्हटलं ग्राफिक्स कार्डाचा, तर म्हणे चिप ती चिप, तिला काय कळतंय ती कुठे बसलीय. खरं आहे.

पण थांबा, काळा बोर्डवाला सीएच341ए घेतला असेल तर आधी मल्टिमीटर लावा. याच्या सप्लायच्या पिनवर 3.3 येतात, डेटाच्या पिनांवर मात्र 5 च्या आसपास. माझ्यावर 4.9 दिसले. पुष्कळ चिपा सहन करतात, काही करत नाहीत, आणि इथे तर क्लिपच्या पलीकडे अख्खं कार्ड जोडलेलं. उपाय म्हणजे या बोर्डवरच्या मोठ्या आयसीचा 28 नंबरचा पाय पॅडवरून उचलायचा आणि त्याला 3.3 द्यायचे, 9 नंबरलाही तेच. माझी सोल्डरिंग गन याला जाडी पडली म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्या दादाकडे गेलो, त्याने मायक्रोस्कोपखाली पाच मिनिटांत करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत, फक्त कार्ड वाचलं की सांगायला ये म्हणाला. नव्या कार्डांवर 1.8 व्होल्टची चिप पण असते, तिथे हा बोर्ड तसाच लावू नका, अ‍ॅडॉप्टर लागतो. चिपवरचा नंबर वाचा आणि डेटाशीट बघा, त्याला पर्याय नाही.

रात्री लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून फ्लॅशरॉम, म्हणजे प्रोग्रामर चालवणारं सॉफ्टवेअर. कार्ड टेबलावर, कशालाच न जोडलेलं, क्लिपची लाल वायर चिपच्या ठिपक्याकडे, तिथे 1 नंबरचा पाय. पहिल्यांदा चिप सापडलीच नाही. क्लिप दाबून धरली तर सापडली. वाचली, परत वाचली, दोन्ही फायलींचा एमडीफाइव्ह (फाइलचा ठसा, मजकूर तोच असेल तर तोच येतो) वेगळा. तिसऱ्यांदा वाचली, तिसराच. यात घाईने लिहायला गेलो असतो तर वाचताना जो कचरा येत होता तोच लिहिताना गेला असता. एक तर क्लिप स्वस्तातली, दात बोथट, दुसरं म्हणजे चिप कार्डावरच असल्यामुळे प्रोग्रामरचे 3.3 व्होल्ट कार्डाच्या बाकी भागांनाही जातात आणि बिचारा यूएसबीवर चालणारा बोर्ड दमतो. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि टूथब्रशने पाय घासले, फ्लक्सचा पिवळा थर निघाला, क्लिपची लांब पट्टी काढून छोट्या वायरी लावल्या. मग सलग तीन वेळा एकच एमडीफाइव्ह. रात्रीचा दीड.

आता मजा. ती फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली, म्हणजे एकेक बाइट जसाच्या तसा दिसतो. सुरुवातीला 55 एए, म्हणजे हेडर शाबूत. पुढे कंपनीचं नाव, तारीख, वाचता येणारा मजकूर, सगळं व्यवस्थित, आणि मग एका ओळीच्या मधोमध एफएफ एफएफ एफएफ, म्हणजे कोरे बाइट, थेट शेवटपर्यंत. म्हणजे सॉफ्टवेअरने आधी चिप पुसली, मग सुरुवातीपासून लिहायला घेतली आणि इथवर आली. गुरुवारी लाईट नेमकी कुठल्या बाइटला गेली ते मला डोळ्यांनी दिसत होतं. मी स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

रविवार

रॉम लिहायला गेलो तर फ्लॅशरॉम नाही म्हणतं, साइज जुळत नाही. रॉमची फाइल 262144 बाइटची, चिप 524288 ची. मागे एफएफ भरून फाइल बरोबर दुप्पट केली, मग घेतली. पुसलं, लिहिलं, व्हेरिफाय झालं, मिनिटभरात. कार्ड स्लॉटमध्ये, केबल कार्डाला, आणि स्क्रीनवर मदरबोर्डचा लोगो! आईला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "हे तर आधीपण दिसायचं ना?"

विंडोज लोड होताना आडव्या पट्ट्या, मग काळं. तीन वेळा तेच.

इथे मला तो बॅकअप आठवला. एकाच मॉडेलच्या कार्डावर कंपनी वेगवेगळ्या बॅचला वेगवेगळ्या कंपनीची मेमरी बसवते, सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन, एल्पिडा, जी स्वस्त मिळेल ती, आणि रॉममध्ये ज्या मेमरीचे टायमिंग असतील तेवढ्यांनाच तो रॉम नीट चालवतो. मायनिंगवाल्याच्या कचऱ्यात टायमिंग वाकडे असतील, पण माझ्याच मेमरीचे होते. ते मीच पुसले होते, आणि कुठली मेमरी आहे हे जीपीयू-झीमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बघून ठेवायचीही तसदी घेतली नव्हती.

मग हीटसिंक उघडला. थर्मल पॅडचा (मेमरीची उष्णता हीटसिंकला देणारे) अक्षरशः भुगा झालेला. मेमरीवर नंबर ईडीडब्ल्यू4032 ने सुरू होणारा, म्हणजे एल्पिडा. ही कंपनी 2013 मध्येच मायक्रॉनने घेतली, म्हणून मेमरी शोधताना दोन्ही नावं बघा. मी उतरवलेल्या रॉमच्या यादीत सॅमसंग आणि हायनिक्स, बस्स. पॅड मागवले.

मंगळवार

पॅड आले. एल्पिडावाला रॉम मिळाला होता, तोही 256 केबीचा, परत एफएफचं शेपूट जोडून लिहिला. लिहिण्याआधी पॉलॅरिस बायॉस एडिटरमध्ये उघडून मेमरीचं नाव आणि स्ट्रॅप स्वतः बघितले, यावेळी फाइलच्या नावावर भरवसा ठेवला नाही. विंडोज आलं, ड्रायव्हर पॅच न मारता बसला, मेमरी 1750 मेगाहर्ट्झवर. दीड तास स्ट्रेस टेस्ट, 71 डिग्री, एकही ठिपका नाही. दादाला जाऊन सांगितलं, त्याने लगेच मागून एक मेलेलं आरएक्स 580 काढून माझ्या हातात दिलं.

चालू रॉम आता तीन ठिकाणी ठेवलाय, आणि तो अर्धवट लाईट गेलेलाही. यूपीएसची बॅटरी अजून आणलेली नाही.

एक राहिलंय, डावा पंखा 1800 आरपीएमच्या वर किरकिर करतो. स्टिकर काढून मशीन ऑइलचा थेंब टाकला, दोन दिवस शांत होता, परत सुरू. कुणी नुसता पंखा बदललाय का, आणि पुण्यात कुठे मिळाला? दादाच्या 580 चे पंखे मोजून बघितले, स्क्रूची भोकं दोन मिलिमीटरने चुकतात.